मुक्त लयीतलं जॅझ गाणं: पियानोच्या साथीने तयारी कशी करावी

बडोद्यात जॅझकडे वळणारी मराठी मंडळी बहुतेक ख्याल, नाट्यगीत किंवा भावगीत शिकून आलेली असतात. सूर पक्का असतो, दमसास असतो, आणि ‘इथे ताल धरायचा नाही, मोकळं गायचं’ असं म्हटलं की त्यांना हायसं वाटतं. आलापच की मग! पहिली ओळ झकास जाते. दुसऱ्या ओळीत पियानोवाला कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) बदलतो तेव्हा गाणारी अजून मागच्याच शब्दावर रेंगाळत असते. तिसऱ्या ओळीला तो धास्तीने थांबतो, तर ती पुढे निघून गेलेली असते. चौथ्या ओळीपासून दोघंही एकमेकांची वाट बघतात आणि गाणं जागच्या जागी बसतं.

मी पियानोच्या बाजूला बसणारा माणूस. तिथून दिसतं ते असं, की मोकळी लय दोघांत ठरलेली असावी लागते, आणि ठरवायची तर तेच गाणं आधी कडक तालात तोंडपाठ हवं. पुढची सगळी कृती याच हिशोबाने लिहिली आहे. गाणाऱ्याला सुरात गाता येतं आणि साथीदाराला कॉर्ड बघून वाजवता येतं, एवढं गृहीत धरलं आहे.

मोकळं म्हणजे किती मोकळं

जॅझवाले ज्याला रुबाटो म्हणतात ती मोकळीक दोन तऱ्हांची असते. पहिलीत पियानो आणि गळा दोघंही ताल सोडतात. शब्द जसे येतील तसे कॉर्ड येतात. स्वरलिपीच्या कागदावर अशा जागी ‘कोला वोचे’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे साथीने आवाजाबरोबर जायचं. दुसरीत साथ शांतपणे तालात चालते आणि फक्त गाणारी मागेपुढे होते. जॅझ गायिका बिली हॉलिडेचं गाणं या दुसऱ्या तऱ्हेचं: शब्द मात्रेच्या मागे रेंगाळतात आणि ओळ संपता संपता सगळा हिशोब चुकता होतो. हा लेख पहिल्या तऱ्हेबद्दल आहे, पण दुसरीचा सराव चुकवून पहिली येत नाही, हे पुढे दिसेलच.

1920 ते 1940 च्या दशकांत अमेरिकन रंगभूमीसाठी लिहिलेल्या कित्येक गाण्यांना 32 बारच्या (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक गट) मुख्य भागाआधी एक प्रास्ताविक कडवं असे. त्याला व्हर्स म्हणतात. ते बोलल्यासारखं, मोकळं म्हणायचं आणि मग मुख्य भागाला ताल सुरू व्हायचा. आपल्या संगीत नाटकातली साकी आठवा: नट बोलता बोलता साकीत शिरतो, पेटीवाला त्याच्या मागोमाग जातो, आणि पद सुरू झालं की तबला बोलायला लागतो. जॅझ गायकांनी हीच मोकळीक पुढे मुख्य भागालाही लावली.

बडोद्याच्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. उस्ताद फैयाज खाँ इथले दरबारगायक, आणि त्यांच्या गाण्यात नोम-तोमच्या आलापीला मोठं स्थान होतं. त्या आलापीला तबला नसतो, पण आत एक चाल चालू असते. ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. मोकळ्या लयीतल्या जॅझमध्येही तशीच आतली चाल लागते. फरक एवढाच की आलापाच्या मागचा तंबोरा बदलत नाही, आणि जॅझमध्ये मागचा कॉर्ड सतत सरकत असतो. तंबोऱ्यावर तुम्ही एका सुरावर हवा तितका वेळ थांबू शकता. इथे तुम्ही थांबलात तर कॉर्डलाही थांबावं लागतं, आणि तो किती थांबणार हे त्याला कळायला हवं. ख्याल गाणाऱ्याला जी सवय नव्याने लावावी लागते ती हीच.

गाणं आणि पट्टी

पहिलं गाणं लहान घ्या. सूर एका सप्तकात मावणारे, शब्द थोडे, कॉर्ड मोजके. मी सुरुवात बहुतेकांना ‘समरटाइम’पासून करायला सांगतो. जॉर्ज गर्श्विनच्या 1935 च्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातलं हे अंगाईगीत. जॅझवाले ते 16 बारचं धरतात: चार ओळी, प्रत्येक ओळ चार बारची. सूर पाहिले तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे जवळजवळ धानी रागाचे, आणि दुसऱ्या ओळीच्या टोकाला एक शुद्ध रे. सुरुवात पंचमावर, तळ खालच्या पंचमावर. ख्याल शिकलेल्या गळ्याला हे सूर ओळखीचे वाटतात; त्यातच धोकाही आहे, कारण गळा लगेच धानी गायला लागतो. आणि हे अंगाईगीत आहे हे विसरू नये. मूल दचकून उठेल अशा आवाजात ते गाणारे खूप आहेत.

पट्टी ठरवताना ‘माझी काळी पाच’ एवढ्यावर जाऊ नका. तुमच्या ख्यालाचा सा आणि या गाण्याचा सा एकाच पट्टीत असायला हवा असं काही नाही. गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा आणि ते दोन्ही हळू आवाजात, न ताणता निघतात का बघा. काळी पाचमध्ये ख्याल गाणाऱ्या बाईला हे गाणं डी मायनरमध्ये, म्हणजे सा पांढरी दोन धरून, बरं बसतं: तळाचा पंचम तिच्या मंद्र निषादाजवळ येतो आणि वरचा पंचम तार षड्जाच्या अलीकडेच थांबतो. तालात गाताना जी पट्टी सोयीची वाटते तिच्यापेक्षा मोकळ्या लयीत मी अर्धा सूर खालची सुचवतो, कारण इथे वरचे सूर जास्त वेळ धरावे लागतात, तेही हलक्या आवाजात.

डिजिटल पियानोवर ट्रान्सपोजचं बटण असतं, त्यामुळे पट्टीचा प्रश्न क्षणात सुटल्यासारखा वाटतो. घरी वापरा खुशाल. पण कार्यक्रमाला साधा पियानो असेल तर तिथे ते बटण नसणार, तेव्हा साथीदाराच्या हाताला खरी पट्टी बसू द्या.

आपल्या बाजूने आणखी एक बारकावा. तंबोऱ्याशी जुळवलेला 6:5 प्रमाणातला कोमल गंधार पियानोच्या कोमल गंधारापेक्षा साधारण 16 सेंट चढा असतो. 100 सेंट म्हणजे अर्धा सूर. भरधाव गाण्यात हे कोणाला कळत नाही. मोकळ्या लयीत तुम्ही त्याच सुरावर चार सेकंद थांबता आणि पियानोचाही तोच सूर वाजत असतो, तेव्हा ते घासणं ऐकू येतं. म्हणून गाणं पाठ करताना मोबाईलवरचा तंबोरा लावला तरी एकदा सूर बसले की तो बंद करा. साथीदाराकडून फक्त कॉर्ड मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या आणि त्यावर गा.

कागद

गायकांना कागदाचा कंटाळा असतो. ‘पाठ आहे की!’ पण कागद पियानोवाल्यासाठी असतो. बडोद्याला तर लिहून ठेवण्याची जुनी परंपरा आहे: 1886 साली सयाजीराव महाराजांनी इथे गायनशाळा काढली आणि तिचे प्रमुख मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली होती. सूरसागर तलावासमोरचं आजचं परफॉर्मिंग आर्ट्सचं विद्यालय म्हणजे त्याच शाळेचं वाढलेलं रूप.

लीड शीट, म्हणजे चाल, शब्द आणि वर कॉर्डची अक्षरं असलेला एक पानी कागद, दोन प्रतींत काढा. दोन्हींवर पेन्सिलीने सारख्याच खुणा करा. श्वासाला स्वल्पविराम. जिथे सूर धरून ठेवायचा तिथे टिंबावर कमान. जिथे दोघांनीही पूर्ण थांबायचं, पेडलही (सूर लांबवणारी पायपट्टी) उचलायचं, तिथे दोन तिरक्या रेघा. जिथे पुढे सरकायचं तिथे बाण. याहून जास्त खुणा केल्या तर गाताना कोणी वाचत नाही. शब्द देवनागरीत लिहिलेत तरी चालेल, पण ओळी अर्थाप्रमाणे तोडा. छापील कागदावर त्या बारप्रमाणे तुटलेल्या असतात.

आधी बोला, मग गा

मोकळ्या लयीत तालाची जागा शब्द घेतात, म्हणून शब्दांचं वजन चुकलं की सगळं चुकतं. मराठी बोलताना आपण अक्षरांना साधारण सारखं वजन देतो. इंग्रजीत एका शब्दातलं एकच अक्षर जड असतं आणि बाकीची त्याच्या आजूबाजूला पटापट सांडतात. ‘समरटाइम’ म्हणताना आपला जोर ‘टाइम’वर जातो, मूळ शब्दात तो ‘स’वर आहे. पियानोवाला कॉर्ड या जड अक्षराखाली ठेवणार असतो. तुम्ही वजन दुसऱ्याच अक्षरावर टाकलंत की त्याचा कॉर्ड चुकीच्या जागी पडल्यासारखा वाटतो आणि दोष मात्र त्याला लागतो.

चारही ओळी चाल न लावता, समोर बसलेल्या माणसाला सांगितल्यासारख्या बोला. जड अक्षरांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. मग प्रत्येक ओळीतला असा एकच शब्द निवडा जो तुम्ही ताणणार आहात. एकच. दोन शब्द ताणले की ओळ रटाळ होते, आणि सगळेच ताणले तर ऐकणाऱ्याला वाटतं शब्द आठवत नाहीयेत.

व्यंजनांकडेही बघा. आपलं शिक्षण आकारावर थांबायचं. जॅझमध्ये ‘म’, ‘न’, ‘ल’ यांच्यावरही थांबतात. ओठ मिटून सूर चालू ठेवला की आवाज आपोआप लहान आणि जवळचा होतो. शेवटचा ‘ट’ किंवा ‘ड’ जिभेचं टोक वर वळवून जोरात आपटू नका. माइकवर तो फटाक्यासारखा वाजतो.

साठच्या लयीत

मेट्रोनोम (टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र) 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 टिकटिकींवर लावा. 16 बार, बारमध्ये चार मात्रा, म्हणजे 64 मात्रा. पूर्ण गाणं 64 सेकंदांत संपायला हवं. लिहिलंय तसं, काही न सजवता गा. टाळी देऊन गा, टाळी न देता गा, मधली ओळ मनात म्हणून पुढची बरोबर जागी उचला. कंटाळा येतो, येऊ द्या. हे पक्कं झालं की मेट्रोनोम 30 वर आणा आणि प्रत्येक टिकटिक बारची दुसरी आणि चौथी मात्रा समजा. पहिली मात्रा तुमची तुम्ही धरायची. सम ऐकून गाण्याची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला फार अवघड जातं. नवरात्रात गरब्याची टाळी अंगात भिनलेल्यांना, का कोण जाणे, त्यापेक्षा लवकर जमतं.

आता दुसऱ्या तऱ्हेचा सराव. साथीदाराने, किंवा त्याच्या रेकॉर्डिंगने, कडक तालात वाजवायचं आणि तुम्ही शब्द मागे ओढायचे. नियम एक: ओळीचा शेवटचा शब्द त्याच्या बारमध्ये आला पाहिजे. मध्ये कितीही उधारी करा, ओळीच्या टोकाला ती फिटली पाहिजे. हे जमलं की प्रत्येक शब्द कोणत्या कॉर्डवर बसतो हे पायांना कळायला लागतं, आणि ताल काढून घेतला तरी ते ज्ञान राहतं.

मग मोकळं गा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. 64 सेकंदांचं गाणं दीड मिनिटाच्या आसपास गेलं तर ठीक. दोन मिनिटांच्या पुढे गेलं तर तुम्ही भावनेत आहात आणि ऐकणारा घड्याळात.

दोघं एकत्र

उभं कुठे राहायचं हे आधी ठरवा. ग्रँड पियानोला मधे जी खोबण असते तिथे उभं राहिलं की दोघांना एकमेकांचे चेहरे दिसतात. भिंतीला लावलेल्या उभ्या पियानोला किंवा डिजिटलला पियानोवाल्याच्या उजव्या हाताला, थोडं तिरकं उभं राहा. श्रोत्यांकडे शंभर टक्के तोंड करून उभे राहिलात तर साथीदाराला तुमची पाठ दिसते आणि तो कान टवकारून अंदाजाने वाजवतो.

तालमीत सगळ्यात आधी ही वाटणी करा: शब्द चालू असताना पुढाकार गाणाऱ्याचा, शब्द संपल्यावर पुढाकार पियानोचा. ओळीच्या शेवटी पियानोवाला दोन-चार सुरांचा भरणा करतो. तो करत असताना गाणाऱ्याने घुसायचं नाही. भरणा कुठे संपणार हे त्याने शेवटचा सूर जरा लांबवून दाखवायचं. पेटीवाल्याच्या साथीत ही वाटणी नसते. पेटी तुमच्याच सुरांच्या मागे सावलीसारखी येते. पियानोवाल्याने तसं तुमची चाल वाजवत मागे येऊ नये, आणि तुम्हीही त्याची अपेक्षा धरू नये. तालमीत हे वाक्य मी कितीदा ऐकलं आहे: ‘अहो, तुम्ही माझा सूर देत नाही आहात!’ नाही देत, ताई. तुमचा सूर ज्या घरात राहतो ते घर देतो आहे.

खूण कशाने द्यायची? श्वासाने. मान, हात, भुवया हे सगळं नंतर. पुढची ओळ ज्या वेगाने येणार आहे त्याच वेगाने श्वास घ्या. संथ ओळीआधी संथ श्वास, लगबगीच्या ओळीआधी झटकन. घशातल्या घशात चोरून घेतलेला श्वास ही ख्यालाच्या बैठकीतली शिस्त आहे. इथे थोडा ऐकू येईल असा घ्यावा, साथीदारापुरता. याचा एक सराव आहे: दोघांनी एकमेकांकडे पाठ करायची आणि पूर्ण गाणं करायचं. पहिल्यांदा फज्जा उडतो. हळूहळू पियानोवाल्याला श्वासावरून कॉर्डची वेळ कळायला लागते, आणि गाणाऱ्याला पेडल उचलल्याच्या बारीक आवाजावरून तो तयार आहे हे कळतं.

पियानोवाल्यांसाठी चार शब्द. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. गाणारी आठ सेकंद सूर धरणार असेल तर तुमचा कॉर्ड मध्येच मरतो. पूर्ण कॉर्ड पुन्हा ठोकू नका. आतला एखादा सूर हलवा, किंवा वरच्या सप्तकात एकच सूर हळूच टाका. कॉर्ड खालून वर उलगडत वाजवलात तर वेळेतली बारीकशी चूकही झाकली जाते, पण प्रत्येक कॉर्ड तसा उलगडला तर वीणा वाजवल्यासारखं वाटतं. डाव्या हाताने मंद्रात जाडजूड कॉर्ड नकोत, हलका आवाज त्यात बुडतो. कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर एवढ्यावरही घर उभं राहतं. आणि शब्द पाठ करा. ज्या साथीदाराला शब्द येत नाहीत तो कॉर्ड मोजत बसतो.

एक ओळ जवळून

दुसरी ओळ घेऊ, डी मायनरमध्ये. ओळ सुरू होते तेव्हा खाली जी मायनर आहे, म्हणजे मध्यमावर उभा असलेला कॉर्ड. टोकाला गाणारी शुद्ध रे वर, म्हणजे ई या सुरावर थांबते आणि खाली ए सेव्हन येतो. या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद आहे, सी शार्प, काळी एक. गाण्याच्या चालीत मात्र निषाद कोमल आहे. सगळी गंमत या कोपऱ्यात आहे.

पियानोवाल्याने जी मायनर एकदाच द्यायचा आणि हात तसेच ठेवायचे. गाणारी शब्द बोलल्यासारखे त्यावर टाकते. टोकाच्या शब्दाआधी जरा अवकाश. मग ती रे वर उतरते, आणि उतरते तेव्हा तो सूर एकटा असतो. पियानोवाल्याने अर्धा क्षण थांबून मग ए सेव्हन खालून वर उलगडायचा, शुद्ध निषाद शेवटी. तो निषाद लागला की उघड्या रे ला अचानक अर्थ येतो, पुढे कुठेतरी जायचंय असं वाटायला लागतं. कॉर्ड आधी आला असता तर हे काहीच झालं नसतं.

गाणारीने इथे रे वरून कोमल निषादाकडे मींड घेतली तर ती शुद्ध निषादावर आदळते. ब्लूजमध्ये हा खटका मुद्दाम घेतात आणि तो गोडही लागतो. पण मुद्दाम घेतलेला आणि हातून झालेला यातला फरक मागच्या रांगेतल्या माणसालाही कळतो. पहिले काही महिने रे वर सरळ उभं राहा. सूर आधी सपाट, मग शेवटी थोडा कंप, बस.

आता सूर सोडायचा कसा? टोकाचा शब्द स्वरावर संपतो, त्याला बंद करणारं व्यंजन नाही. तेव्हा गाणारी कधी थांबली हे पियानोवाल्याला शब्दावरून कळणार नाही. हनुवटी किंचित खाली आणून दाखवा. त्याने पेडल उचलायचं, कागदावरच्या दोन तिरक्या रेघा इथेच आहेत. शांतता. मग श्वास, आणि तिसरी ओळ पंचमावर. तिची चाल पहिल्या ओळीचीच असल्याने ती जरा पुढे सरकवा. त्याच चालीला दुसऱ्यांदा तेवढाच वेळ दिला तर ऐकणारा सैलावतो.

चौथी ओळ खालच्या पंचमाकडून वर चढते आणि सा वर येऊन थांबते. चढताना घाई, उतरताना सावकाश, एवढं सांगितलं तरी पुरतं.

तालात शिरणं

दीड मिनिटाहून जास्त मोकळं गाणं सांभाळायला फार अनुभव लागतो. म्हणून सरळ आराखडा: पहिलं आवर्तन मोकळं, मग पियानोचे दोन किंवा चार बार तालात, दुसरं आवर्तन तालात, आणि त्याच्या शेवटच्या चार बारमध्ये पुन्हा मोकळं. हा सांधा सगळ्यात जास्त वेळा निसटतो. गाणाऱ्याने शेवटचा सा धरलेला असतानाच पियानोवाल्याने डाव्या हाताने नवी चाल सुरू करायची, म्हणजे मध्ये पोकळी पडत नाही. लय कोणती हे आधीच ठरलेलं हवं, आणि ती आठवायची सोपी युक्ती म्हणजे दुसऱ्या आवर्तनाची पहिली ओळ मनातल्या मनात म्हणणं. तोंडाने ‘वन टू थ्री फोर’ मोजू नका. इतकं जपून बांधलेलं वातावरण त्या चार शब्दांत संपतं.

शेवटच्या चार बारमध्ये वेग काढून घ्यायचा तो एकदम नको. ओळीच्या पहिल्या शब्दापासून थोडा थोडा. शेवटचा कॉर्ड गाणाऱ्याच्या सुरानंतर येणार की त्याच क्षणी, हे बोलून ठेवा; दोन्ही चालतं, पण दोघांनी वेगवेगळं धरलं तर चालत नाही.

गळ्याच्या सवयी

मुरकी, खटका, गमक ही हत्यारं म्यानात ठेवा. मींड चालते, पण मोजकी, आणि बहुतेक वेळा खालून वर. तान अजिबात नको. भाव दाखवायला आवाज मोठा करण्यापेक्षा लहान करून बघा. माइक ओठांपासून चार बोटांवर धरला की कुजबुजही पोचते, आणि वरच्या पंचमावर तो हाताच्या एका हलक्या हालचालीने दूर नेता येतो. चाल पहिल्या आवर्तनात बदलू नका. श्रोत्याला मूळ चाल कळल्याशिवाय बदललेली कळणार कशी? बंदिशीचा मुखडा नीट मांडल्याशिवाय बढत करत नाहीत, तोच न्याय.

ऐकायचं कोणाला? एला फिट्झजेराल्डने 1950 मध्ये पियानिस्ट एलिस लार्किन्सबरोबर गर्श्विनची गाणी गायली, फक्त आवाज आणि पियानो. लार्किन्स किती कमी वाजवतो ते मोजा. गायक टोनी बेनेट आणि पियानिस्ट बिल इव्हान्स यांनी 1975 मध्ये असंच दोघांचं ध्वनिमुद्रण केलं. तिथे पियानो बराच बोलतो, पण शब्दांच्या मधल्या जागांत. शर्ली हॉर्न स्वतःच पियानो वाजवून गायची आणि अतिशय संथ गायची. तिच्याकडे गायक आणि साथीदार एकाच अंगात असल्याने श्वास आणि कॉर्ड यांचं नातं अगदी उघडं दिसतं. एकदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा कागद घेऊन कॉर्ड कोणत्या अक्षराखाली पडतो त्याच्या खुणा करा. तिघांची नक्कल मात्र करू नका, विशेषतः शर्ली हॉर्नच्या संथपणाची. तो पेलायला तिच्यासारखी आतली लय लागते.

इथल्या काही गोष्टी

डिजिटल पियानो घेत असाल तर 88 पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा आणि खऱ्या सस्टेन पेडलचा घ्या. आपोआप ताल वाजवणारे कीबोर्ड या कामाचे नाहीत. गुळगुळीत टाइलवर पेडल पुढे पुढे सरकतं. खाली रबरी मॅट टाका. आवाजातला रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) तालमीत बंदच ठेवा, तो शांतता खाऊन टाकतो. साधा पियानो असेल तर पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर उतरतात किंवा चढतात, म्हणून ट्यूनिंग पाऊस सरल्यावर करून घ्या.

बडोद्याच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून तालीम करा म्हटलं तर लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. पण छताचा पंखा पाचवर असेल तर श्वास ऐकू येत नाही, आणि श्वास ऐकू आला नाही तर वरची निम्मी कृती फुकट. सकाळी सातला बसा. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात रस्त्याकडेची खोली असेल तर स्कूटरचे हॉर्न सुरू व्हायच्या आत जेवढं होईल तेवढं. उत्तरायणाचे दोन दिवस आणि नवरात्राच्या रात्री तालीम ठेवूच नका, गच्चीवरच्या स्पीकरपुढे कोणाचंही रुबाटो टिकत नाही.

कार्यक्रमात ओळ विसरलात किंवा दोघं सुटलात, तर ठरलेली एक जागा हवी. आमची ए सेव्हन आहे. काहीही बिनसलं की पियानोवाला त्या कॉर्डवर जाऊन थांबतो आणि तो आतून हलवत राहतो. गाणाऱ्याने त्यावर पुढची ओळ पहिल्या शब्दापासून उचलायची. मागची ओळ दुरुस्त करायला परत फिरायचं नाही. श्रोत्यांना बहुतेक वेळा ती मुद्दाम घेतलेली जागा वाटते.

आणि इथला श्रोता दाद देतो. दुसऱ्या ओळीच्या टोकाला, बरोबर त्या शांततेत, कोणीतरी मोठ्याने ‘वा!’ म्हणणारच. पियानोवाल्याने गडबडून भरणा करू नये. गाणाऱ्याने मान हलवून दाद घ्यावी, पण पुढचा श्वास ती ओसरल्यावरच घ्यावा. आवाजात घेतलेला श्वास साथीदाराला ऐकू जात नाही आणि तिसऱ्या ओळीचा पहिला कॉर्ड उशिरा पडतो.